जगात खरोखर फरक पडेल असं करिअर कसं निवडायचं

"समाजासाठी काहीतरी करायचंय पण नेमकं काय ते कळत नाहीये" हे मी इतक्या पोरापोरींकडून ऐकलंय की शेवटी सगळं सलग लिहून काढायचं ठरवलं. कुणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतं, कुणी आयटीत तीनचार वर्षं काढून वैतागलेलं, कुणी नर्सिंगवालं, कुणी बीएस्सी ॲग्री, कुणी कॉमर्सवालं. आणि जवळपास सगळ्यांच्या डोक्यात दोनच रस्ते असतात, एकतर कलेक्टर व्हायचं नाहीतर एखाद्या एनजीओत जायचं. यातलं काहीच जमलं नाही की मग "जाऊदे, आपल्याला नाही जमायचं" म्हणून विषय संपतो, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण रस्ते खूप आहेत, कुणी नीट दाखवत नाही एवढंच.

आधी प्रश्न धरा, पद नंतर बघू

बहुतेक जण सुरुवातच पदापासून करतात. मला आयएएस व्हायचंय, मला सोशल वर्कर व्हायचंय, मला सायंटिस्ट व्हायचंय. पण कुठल्या प्रश्नावर काम करायचं हे ठरलेलं नसतं, त्यामुळे पद मिळालं तरी पुढे काय हे कळत नाही. माझं म्हणणं, आधी प्रश्न शोधा आणि मग त्या प्रश्नाला तुमच्यासारख्या माणसाची कुठे गरज आहे ते बघा.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर माहिती असतीलच. १९७० च्या दशकात ते रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून लागले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसं मरायची, चांगली धडधाकट माणसं, लहान पोरं. आधी दरदरून घाम, हातपाय गार, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी होऊन पेशंट जायचा, आणि यावर खात्रीचा उपाय डॉक्टरांकडेही नव्हता. बावस्करांनी पेशंटजवळ बसून बारीक नोंदी ठेवल्या, विषाने नेमकं हृदयावर काय होतंय ते पकडलं, आणि ब्लड प्रेशरसाठी आधीपासून बाजारात असलेली प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी इथं कामी येते हे दाखवून दिलं. १९८२ पासून त्यांचं काम लॅन्सेटसारख्या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये यायला लागलं. विंचूदंशात मरण्याचं प्रमाण जे ४० टक्क्यांच्या आसपास होतं ते १ टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

आता यात बघा, पद काय होतं? पीएचसीचा डॉक्टर. जे पद मिळालं की बहुतेक जण बदलीसाठी धडपडतात ते. पण प्रश्न जबरदस्त निवडलेला. एक तर ज्याला विंचू चावला त्याच्यासाठी तो जिवाचा प्रश्न होता. दुसरं, त्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, कारण विंचू चावतो शेतमजुराला, गवत कापणाऱ्याला, आणि त्याच्यासाठी कुठली औषध कंपनी रिसर्च करणार? तिसरं, उपाय सापडण्यासारखा होता आणि सापडल्यावर तो कुठल्याही खेड्यात वापरता येण्याइतका स्वस्त होता.

हेच तीन प्रश्न तुम्ही विचारायचे. किती लोकांना त्रास आहे आणि किती खोल आहे. आधीच किती लोक आणि किती पैसा त्यावर लागलाय. आणि काही केलं तर खरंच हलेल असं आहे का. एक वही घ्या, तुम्हाला अस्वस्थ करणारे पाचसहा प्रश्न लिहा आणि प्रत्येकापुढे या तिन्हींची उत्तरं लिहा, अंदाजाने लिहिली तरी चालतील पण लिहा, कारण नुसतं डोक्यात ठेवलं की आपण आपल्या आवडत्या प्रश्नाला आपोआप जास्त मार्क देतो.

यातला दुसरा प्रश्न लोक सगळ्यात जास्त विसरतात. उदाहरण देतो. ५ जूनला, पर्यावरण दिनी, झाडं लावायला प्रत्येक शाळा, प्रत्येक कंपनी, प्रत्येक नगरसेवक हजर असतो. झाडं लावू नका असं अजिबात म्हणत नाहीये, पण तिथं तुम्ही एक जण वाढलात तर किती फरक पडणार? आता शिसं घ्या. शिसं लहान मुलाच्या मेंदूचं कायमचं नुकसान करतं, मुलगा वरून ठणठणीत दिसतो पण शिकण्याची ताकद कमी झालेली असते. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली बंद झालं, घराच्या रंगांसाठी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ ला आला, ते चांगलंच झालं. पण जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणं, हलकी भांडी, हळदीला पिवळा रंग यावा म्हणून केलेली भेसळ, हे अजून आहेच. तुमच्या ओळखीत यावर काम करणारा एक तरी माणूस आहे का? माझा अनुभव असा की हा प्रश्न विचारल्यावर सगळे गप्प होतात. केमिस्ट्रीवाल्या, फूड टेक्नॉलॉजीवाल्या पोरांना इथं केवढी जागा आहे!

मी नसतो तर काय झालं असतं

हा माझ्या मते या सगळ्यातला मुख्य प्रश्न, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ ला सर्च ही संस्था सुरू केली. नवजात बाळांचे मृत्यू कसे थांबवायचे हा प्रश्न त्यांनी धरला. जिल्हा दुर्गम, हॉस्पिटल लांब, आणि बाळंतपणं घरीच व्हायची. त्यांनी गावातल्याच बायांना शिकवलं. बाळ जन्मल्यावर घरी जायचं, काट्याला झोळी अडकवून बाळाचं वजन करायचं, पोटाला हात लावून अंग गार आहे का बघायचं, घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, साठ किंवा जास्त भरले तर धोका, आई दूध कसं पाजते ते शेजारी बसून बघायचं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर ठरवून दिलेलं औषध तिथंच द्यायचं. हे काम ३९ गावांत झालं. पण त्याच्याच जोडीला त्यांनी दुसरी ४७ गावं अशी ठेवली होती जिथं ही योजना नव्हती, फक्त जन्ममृत्यूची नोंद व्हायची. १९९९ ला लॅन्सेटमध्ये जे आकडे आले त्यात तिसऱ्या वर्षी योजनेच्या गावांत हजार जन्मांमागे साधारण २५ नवजात मृत्यू होते आणि दुसऱ्या गावांत जवळपास ६०.

ती ४७ गावं नसती तर कुणीही म्हणू शकलं असतं की मृत्यू तसेही कमीच होणार होते, रस्ते आले, टीव्ही आला, लोक शहाणे झाले. त्या गावांमुळे कळलं की नाही, हा फरक या बायांच्या कामामुळे पडला. म्हणून तर पुढे २०११ पासून सरकारने हीच पद्धत देशभर आशाताईंमार्फत सुरू केली. आज बाळ दवाखान्यात जन्मलं तरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येऊन जाते, घरी जन्मलं असेल तर सात वेळा, त्याची मुळं इथं आहेत.

करिअर निवडताना स्वतःला असंच विचारायचं, की या खुर्चीत मी बसलो नाही तर काय होईल? दुसरं कोणी बसेल का, आणि तो माझ्याइतकंच किंवा जास्त चांगलं करेल का? तसं असेल तर माझ्यामुळे पडलेला फरक फक्त त्या दोघांच्या कामातल्या अंतराएवढाच.

एमपीएससीचं घ्या. पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकांतून वर्षानुवर्षं बसलेली पोरं मला माहिती आहेत, हुशार आहेत, मनापासून लोकांसाठी काही करायचंय त्यांना. पण अर्ज लाखांत आणि जागा शेकड्यांत. राज्यसेवेतून तुमची निवड झाली नाही तर ती खुर्ची रिकामी राहत नाही, तुमच्या खालच्या नंबरचा बसतो आणि तोही जवळपास तेवढाच हुशार असतो. म्हणजे नुसतं अधिकारी होण्याने जगात काही बदलत नाही, खुर्चीत बसल्यावर तुम्ही जे करता त्याने बदलतं. मग त्यासाठी तुमच्याकडे काही वेगळं आहे का, पाणी कळतं का, शिक्षण कळतं का, आकडे वाचता येतात का, ते आधी बघा. आणि अभ्यासाला बसायचंच असेल तर घरच्यांना सांगून वर्षं ठरवा, दोन म्हणा, तीन म्हणा, आणि वयोमर्यादा शिल्लक आहे म्हणून वाढवत नेऊ नका. खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत बसता येतं हे खरं, पण पोरं तिशी ओलांडतात आणि हातात दुसरं कौशल्य काहीच नसतं, हे फार जीवघेणं असतं.

सरकारात जायचं मनात असेल तर ज्या पदांकडे कुणी बघत नाही ती जरूर बघा. अन्न व औषध प्रशासनातला अन्न सुरक्षा अधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळातला फील्ड ऑफिसर, भूजल सर्वेक्षण यंत्रणेतला भूवैज्ञानिक, नगररचनाकार, जिल्हा सांख्यिकी कार्यालयातला माणूस. यांचे सत्कार होत नाहीत, रील्स तर अजिबात येत नाहीत, पण एखाद्या तालुक्यात विहिरींची पाणीपातळी नीट मोजली जाते का यावर शेकडो शेतकऱ्यांचे निर्णय अवलंबून असतात. अशा खुर्चीत मनापासून काम करणारा माणूस येणं न येणं यात फार मोठा फरक पडतो.

रस्ते किती प्रकारचे असतात

थेट काम करणं हा एक रस्ता, त्याबद्दल फार सांगत नाही कारण तो सगळ्यांना माहिती आहे, डॉक्टर, नर्स, शिक्षक, फील्डवरचा कार्यकर्ता. नर्सिंगबद्दल एकच सांगतो, ते थेट जीव वाचवणारं काम आहे आणि पगारही असतो, तरी आपल्याकडे हुशार पोरीला "डॉक्टर हो, नर्स काय होतेस" म्हणतात, तर त्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.

दुसरा रस्ता धोरणाचा आणि माझ्या मते हा सगळ्यात कमी समजलेला. महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराची स्लिप उघडा. ठरावीक पगाराच्या वर असाल तर दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये पीटी म्हणून कापलेले दिसतील, वर्षाचे २५००. हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला आणि तो आणण्यामागे रोजगार हमी योजनेला पैसा उभा करणं हे कारण होतं. ती योजना ज्यांच्या डोक्यातून आली ते वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ ला छोटा प्रयोग झाला, मागेल त्याला काम. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि योजनेवर लाखो माणसं जगली, खडी फोडून का होईना पण चूल पेटली, आपल्या आजीआजोबांच्या तोंडून ऐकलं असेल. १९७७ ला कायदा झाला, १९७९ ला लागू झाला, आणि २००५ ला केंद्राने जो रोजगार हमी कायदा केला त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. एका तालुक्यातल्या एका गावातून सुरू झालेली गोष्ट देशभर पोचली. कायदा, अर्थशास्त्र, पत्रकारिता, राजकारण यातली ज्यांना आवड आहे त्यांनी हा रस्ता गंभीरपणे घ्या. फक्त हे लक्षात ठेवा की इथं दहादहा वर्षं काही हलत नाही आणि हललं तर श्रेय भलत्यालाच मिळतं. ज्याला नाव लागतं त्याने इकडे येऊ नये.

तिसरा संशोधनाचा, तो बावस्करांच्या आणि बंगांच्या गोष्टीत आलाच. चौथा म्हणजे संस्था उभी करणं किंवा चालवणं. आणि पाचवा, चांगली नोकरी करून पैसा देणं. याला लोक कमी लेखतात, त्याबद्दल खाली लिहिलंय.

हातात काय आहे ते बघा

माधव चव्हाण केमिस्ट्रीतले पीएचडी, अमेरिकेतून शिकून आलेले. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधून फरीदा लांबे यांच्यासोबत त्यांनी प्रथम ही मुलांच्या शिक्षणावर काम करणारी संस्था उभी केली. केमिस्ट्रीचा आणि झोपडपट्टीतल्या बालवाडीचा काय संबंध असं वाटेल, पण मोजून बघायची, पुरावा मागायची जी सवय त्या शिक्षणात लागते ती प्रथमच्या कामात सगळीकडे दिसते. २००५ पासून असर नावाचा सर्व्हे होतो, त्यात कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलासमोर एक साधा कागद धरतात, अक्षरं, शब्द, चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, कुठपर्यंत वाचता येतं बघू. त्यातून कळलं की गावातल्या पाचवीच्या मुलांपैकी अर्ध्याच्या आसपास मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. मग त्यांनी मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवलं, आणि त्याचा फायदा होतो हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो वगैरे मंडळींनी तपासून दाखवलं, ज्यांना पुढे २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आता हीच पद्धत आफ्रिकेतल्या काही देशांत वापरतात.

सांगायचं कारण, तुमचं शिक्षण "सामाजिक" नाही म्हणून वाया गेलं असं समजू नका. मला संस्थांमधून सगळ्यात जास्त कसली मागणी ऐकू येते माहितीये? अकाउंट्स नीट सांभाळणारा माणूस. त्यानंतर डेटा नीट ठेवणारा, मराठीत आणि इंग्रजीत धड रिपोर्ट लिहिणारा, औषधं वेळेवर मागवून त्यांचा साठा सांभाळणारा, कायद्याची कागदपत्रं बघणारा. भाषण करणारे पुष्कळ मिळतात हो. पण विदेशी देणगीचा हिशोब वेळेत भरला नाही म्हणून संस्थेचं सगळं काम अडकू शकतं, आणि ते काम एक चांगला बीकॉम झालेला मुलगा वाचवू शकतो.

म्हणून विशीत असाल तर पहिली पाच वर्षं एखाद्या गोष्टीत पक्कं व्हायला द्या, मग ती नोकरी प्रायव्हेट कंपनीत असली तरी चालेल. सप्लाय चेन शिका, स्टॅटिस्टिक्स शिका, ऑडिट शिका, शस्त्रक्रिया शिका. नुसता चांगुलपणा घेऊन गेलात तर संस्थेला तुम्हाला सांभाळत बसावं लागतं. फक्त एक धोका असतो, पाच वर्षांची कधी पंधरा होतात कळत नाही, ईएमआय वाढत जातो, म्हणून पहिल्या पगारापासूनच खर्चाला वेसण घाला, मोठी गाडी आणि मोठा फ्लॅट हे दोन निर्णय जमेल तितके पुढे ढकला.

उडी मारण्याआधी पाण्यात पाय घालून बघा

राजीनामा ही शेवटची पायरी आहे, लोक तीच पहिली करतात. आधी जे काम करायचंय ते आज करणाऱ्या माणसांशी बोला. ओळख नसली तरी बहुतेक जण बोलतात, फक्त मेसेज नीट पाठवा. "सर मला गाईड करा" असल्या मेसेजला कुणी काय उत्तर देणार? असं लिहा:

"नमस्कार ताई, मी नाशिकला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही संस्थेचं अकाउंट्सचं काम बघता असं कळलं. मलाही याच कामात यायचंय. तुमचा रोजचा दिवस कसा असतो आणि या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कुठला, एवढंच विचारायचं होतं. तुमच्या सोयीने वीस मिनिटं फोनवर बोलता आलं तर फार बरं होईल."

कंटाळवाणा भाग मुद्दाम विचारायचा. कारण कुठल्याही कामातला बराचसा वेळ त्यातच जातो, रजिस्टर भरणं, मीटिंगा, एसटीची वाट बघणं, एक्सेल. तो भाग तुम्हाला झेपत असेल तर काम झेपेल. असे पाचसहा फोन झाले की नोकरीच्या जाहिरातीतून कधीच कळणार नाहीत अशा गोष्टी कळतात.

मग थोडं प्रत्यक्ष करून बघा. असरसारख्या सर्व्हेत स्वयंसेवक म्हणून जाता येतं, कॉलेजमार्फत वगैरे, एका गावात वीस घरं फिरून मुलांना वाचायला लावलं की शिक्षणाच्या प्रश्नाबद्दल दहा लेख वाचून कळत नाही ते कळतं. सर्चच्या निर्माण उपक्रमाची शिबिरं २००६ पासून होतात, खास तरुणांसाठी, आपल्या आयुष्याचं काय करायचं या प्रश्नावरच. शिवाय फेलोशिप असतात, म्हणजे मानधन घेऊन ठरावीक काळ प्रत्यक्ष काम करायचं. टीच फॉर इंडिया आणि गांधी फेलोशिप या दोन्ही दोन वर्षांच्या, एसबीआय यूथ फॉर इंडिया १३ महिन्यांची, शिवाय राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप एक वर्षाची. अटी आणि तारखा बदलत असतात म्हणून वेबसाइटवर जाऊन बघाच. शिक्षण घ्यायचं असेल तर टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) तुळजापूर कॅम्पस, देवनारची लोकसंख्याशास्त्राची आयआयपीएस, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, इंजिनिअर असाल तर आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र सितारा, ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी आणंदची इर्मा. यातलं प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या माणसासाठी आहे, सगळीकडे फॉर्म भरत सुटू नका.

फेलोशिप केली आणि कळलं की हे आपल्याला नको, तर तेही चांगलंच झालं समजा, चाळिशीत कळण्यापेक्षा पंचविशीत कळलेलं बरं.

संस्था निवडताना

हेतू चांगला आहे म्हणजे काम चांगलं असेलच असं नाही. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, ऑडिट रिपोर्ट, वार्षिक अहवाल हे बघाच. अहवालात "४० शिबिरं, ८००० लाभार्थी" एवढंच असेल तर विचारा, शिबिरानंतर काय बदललं? किती जणांचा चष्मा अजून डोळ्यावर आहे, किती मुली परत शाळेत गेल्या आणि टिकल्या? मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा, "तुम्ही आजवर कुठला कार्यक्रम चालत नाही म्हणून बंद केलाय?" प्रामाणिक संस्था याचं उत्तर खुलून देते. जिथं सगळंच यशस्वी असतं तिथं कुणी मोजत नसतं.

पगार वेळेवर होतो का, पीएफ आहे का, एकाच देणगीदारावर सगळं चालतं का, हे विचारायला लाजू नका. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी दिलेला, पैसा तीन वर्षांनी थांबला की प्रोजेक्ट बंद आणि पोरं घरी, असं होतं. मुलींनी राहण्याची सोय, रात्रीचा प्रवास आणि तक्रार समिती याबद्दल स्पष्ट विचारायचं, आणि तिथं काम करणाऱ्या एखाद्या बाईशी वेगळं बोलायचं, ऑफिसात नाही, बाहेर. "सेवा आहे, ॲडजस्ट करा" असं जिथं ऐकायला मिळतं तिथून निघा. माणसाला पिळून घेणारी संस्था लोकांचं भलं फार दिवस करू शकत नाही असं माझं ठाम मत आहे.

घरच्यांचं आणि पैशाचं

आईबाबा विरोध करतात तेव्हा त्यांना तुमच्या स्वप्नाचा राग नसतो, त्यांना भीती असते. त्यांनी गरिबी बघितलेली असते. त्यांच्याशी तत्त्वांवर वाद घालू नका, आकडे घेऊन बसा. महिन्याचा खर्च किती, नव्या कामात पगार किती, आरोग्य विमा आहे का, भावाबहिणीच्या शिक्षणाचं काय, आणि दोन वर्षांनी परत यायचं झालं तर कुठली नोकरी मिळू शकते. सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकल्याशिवाय उडी मारू नका. लग्न ठरत असेल तर हे बोलणं लग्नाआधी व्हायला पाहिजे, नंतर नाही.

आणि घरात पहिलीच नोकरी तुमची असेल, डोक्यावर कर्ज असेल, वडील शेतावर राबत असतील, तर आधी पगार घ्या. यात अपराधी वाटायचं काहीएक कारण नाही. एक कुटुंब कायमचं उभं राहणं हाही जगात पडलेला फरकच आहे.

ज्यांना नोकरी सोडायची नाही किंवा सोडता येत नाही त्यांनी पैशाचा रस्ता मनापासून घ्या. महिना ८० हजार मिळत असतील आणि दहा टक्के दिले तर वर्षाला ९६ हजार होतात. हे पैसे दिसेल त्याला थोडे थोडे न वाटता वर्षातून एकदा बसून, वरचे तीन प्रश्न विचारून, एकदोन चांगल्या संस्थांना द्या, आणि शक्य असेल तर दर वर्षी त्याच संस्थांना, कारण ठरलेला पैसा येणार हे माहिती असलं की संस्थेला माणूस नेमता येतो. पावती घ्या, देणगीवरची ८०जीची आयकर सवलत जुन्या करप्रणालीत मिळते, नव्यात नाही. पैशाशिवाय तुमचं कौशल्यही देता येतं, सीए असाल तर एखाद्या छोट्या संस्थेची पुस्तकं बघा, कोडिंग येत असेल तर त्यांचं रजिस्टर सोपं करून द्या, पण जे सुरू कराल ते वर्षभर टिकवा, महिन्याभरात गायब होणाऱ्या स्वयंसेवकाचा संस्थांना तापच होतो.

निर्णय घेतला की कॅलेंडरमध्ये दोन वर्षांनंतरची एक तारीख टाका आणि आजच लिहून ठेवा की तोपर्यंत काय दिसलं तर मी इथं थांबेन आणि काय दिसलं तर निघेन. "बरं वाटतंय का" असं लिहू नका, ते दर आठवड्याला बदलतं. मोजता येईल किंवा दुसऱ्याला विचारता येईल असं लिहा, म्हणजे माझ्या हाताखालच्या तीन शाळांमध्ये वाचणारी मुलं वाढली का, मला असं काही यायला लागलं का जे आधी येत नव्हतं, घरचा खर्च कर्ज न काढता भागला का. हा कागद एका विश्वासू मित्राला किंवा मैत्रिणीला देऊन ठेवा आणि त्या तारखेला तुम्हाला फोन करायला सांगा.